फोन डार्क, ॲप मात्र पांढरंच: एकेका ॲपचा डार्क मोड कसा लावायचा

फोनच्या सेटिंग्जमध्ये डार्क मोड चालू केला की सगळा फोन काळा होईल, अशी आपली साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात व्हॉट्सॲप काळं होतं, यूट्यूब काळं होतं, आणि रात्री अकरा वाजता विजेचं बिल भरायला बँकेचं ॲप उघडावं तर डोळ्यांवर पांढरा झोत येतो. एखादं बातम्यांचं ॲप वरची पट्टी काळी आणि खालची बातमी पांढरीशुभ्र अशा अवस्थेत उघडतं. काहींची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्यांना दिवसभर फोन उजळच हवा असतो, फक्त रात्री अंथरुणात वाचायचं एखादं ॲप काळं हवं असतं, आणि ते कुठून करायचं हे सापडत नाही.

यात फोन बिघडलेला नसतो आणि तुमचंही काही चुकलेलं नसतं. डार्क मोड एका जागी ठरत नाही, तीन जागी ठरतो. या तीन जागा एकदा ओळखता आल्या की कुठल्या ॲपसाठी नेमकं कुठे हात घालायचा, हे कुणाला न विचारता कळतं. आणि ते कळणं महत्त्वाचं आहे, कारण सगळी ॲप सरसकट काळी करणं हे बऱ्याच जणांच्या डोळ्यांसाठी चांगलं नसतं.

तीन जागा

पहिली जागा म्हणजे फोनची स्वतःची सेटिंग. अँड्रॉइड १० आणि आयफोनची आयओएस १३ या दोन्ही आवृत्त्या सप्टेंबर २०१९ मध्ये आल्या, आणि अख्ख्या फोनसाठी डार्क मोडचं एकच अधिकृत बटण त्यांच्यापासून सगळीकडे पोचलं. पण हे बटण दाबल्यावर फोन दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपचे रंग स्वतः बदलत नाही. तो सगळ्या ॲपना एवढंच कळवतो की वापरणाऱ्याला आता गडद रंग हवे आहेत. ऐकायचं की नाही, हे ॲपवर. इमारतीचा मेन स्विच चालू असला तरी खोलीतला दिवा त्या खोलीच्या बटणावरच लागतो, तसंच हे.

दुसरी जागा म्हणजे ॲप. गडद रंग दाखवायचे तर ॲप बनवणाऱ्यांना रंगांचे दोन संच तयार ठेवावे लागतात: पार्श्वभूमी, अक्षरं, बटणं, रेघा, चिन्हं, प्रत्येकाचा दिवसाचा रंग वेगळा आणि रात्रीचा वेगळा. प्रत्येक पडदा दोन्ही रंगांत तपासावा लागतो. मोठ्या कंपन्या हे काम करतात. लहान कंपन्या, बऱ्याच बँका आणि अनेक सरकारी सेवांची ॲप ते करत नाहीत, म्हणून ती फोनचा निरोप कानाआड करून पांढरीच राहतात.

तिसरी जागा म्हणजे ॲपच्या आत येणारा मजकूर. मेलमध्ये आलेली एखाद्या दुकानाची जाहिरात, ब्राउझरमधलं वेबपान, पीडीएफ, स्कॅन केलेली पावती, व्हॉट्सॲपवर आलेला वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो. यांचे रंग ॲपने ठरवलेले नसतात, ते मजकुराबरोबरच आलेले असतात. वेबसाइट बनवणाऱ्याने रात्रीचे रंग दिले असतील तर पान काळं होतं, नाहीतर काळ्या चौकटीत पांढरं पान. मघाचं बातम्यांचं ॲप अर्धं काळं दिसलं ते बहुधा याचमुळे: पट्टी ॲपची, बातमी मात्र वेबसाइटवरून आलेली.

आधी ॲपच्या आत शोधा

एखादं ॲप मनासारखं दिसत नसेल तर पहिल्यांदा त्याच्याच सेटिंग्जमध्ये 'थीम', 'अपिअरन्स', 'डिस्प्ले' किंवा 'डार्क मोड' असा शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी तीन पर्याय मिळतात: लाइट, डार्क आणि सिस्टम डिफॉल्ट. यातल्या तिसऱ्या पर्यायाकडे नीट लक्ष द्या. सिस्टम डिफॉल्ट म्हणजे 'फोन जे सांगेल ते'. हा पर्याय निवडलेला असेपर्यंत ॲप फोनच्या मागे मागे जातं. तुम्ही लाइट किंवा डार्क निवडलं की त्या ॲपपुरतं फोनचं बटण निष्प्रभ होतं. 'फोन काळा केला तरी हे एकच ॲप पांढरं का?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. कुणीतरी कधीतरी त्या ॲपमध्ये लाइट निवडून ठेवलेलं असतं.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, मग थीम असं गेलं की हे तीन पर्याय दिसतात. व्हॉट्सॲपला डार्क मोड मार्च २०२० मध्ये मिळाला. यूट्यूबमध्ये आपल्या फोटोवर दाबून सेटिंग्ज, मग जनरल, मग अपिअरन्स. जीमेलमध्ये डावीकडच्या तीन रेघांवर दाबून अगदी खाली सेटिंग्ज, त्यात जनरल सेटिंग्ज, त्यात थीम. फेसबुकमध्ये मेन्यूतल्या सेटिंग्ज आणि प्रायव्हसीखाली डार्क मोड वेगळा लिहिलेला असतो. अपडेट आलं की या जागा थोड्या इकडेतिकडे सरकतात. एखादी जिथे सांगितली तिथे नसेल तर सेटिंग्जच्या पानावरच आजूबाजूला पाहा, ती लांब गेलेली नसते.

गूगल मॅप्सबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग्जमधली थीम नेहमीच्या नकाशाचा रंग ठरवते. रस्ता दाखवणं सुरू असतानाचा रंग मात्र नॅव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये दिवस, रात्र किंवा आपोआप असा वेगळा निवडायचा असतो. आपोआप ठेवलं तर अंधार पडल्यावर नकाशा स्वतःहून गडद होतो. गाडी चालवणाऱ्याने हे आपोआपवरच ठेवावं असं मी आग्रहाने सांगेन. रात्रीच्या घाटात पांढरा नकाशा डोळे दिपवतो आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. भर दुपारी दुचाकीच्या हँडलवर लावलेल्या फोनमध्ये काळा नकाशा असेल तर त्यात नकाशापेक्षा स्वतःचं प्रतिबिंब जास्त दिसतं.

टेलिग्राममध्ये ऑटो-नाइट मोड नावाची सोय आहे. त्यात ठरावीक वेळ देता येते किंवा फोनचं ऐकायला सांगता येतं. अँड्रॉइडवर तर फोनच्या प्रकाशमापक सेन्सरवरून खोलीतला उजेड ओळखून रंग बदलायलाही सांगता येतं. खोलीतला दिवा मालवला की चॅट गडद होते. ही सोय प्रत्येक वाचनाच्या ॲपमध्ये असायला हवी होती.

ब्राउझरमध्ये तिसऱ्या जागेचा प्रश्न येतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्ज, मग थीम इथे डार्क निवडल्यावर ब्राउझरची चौकट काळी होते. त्याच ठिकाणी शक्य तिथे वेबसाइटही गडद करण्याचा एक चौकोन मिळतो, त्यावर खूण केली की पांढरी पानंही काळी होऊ लागतात. सॅमसंगच्या इंटरनेट ब्राउझरच्या मेन्यूतही पानं गडद करण्याची सोय आहे. याहून बारीक नियंत्रण हवं असेल तर अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स घ्या. त्याला एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जादा सोय देणारे छोटे जोड, लावता येतात आणि डार्क रीडर नावाचं एक्स्टेन्शन एकेका साइटपुरतं चालू-बंद करता येतं. रोज वाचायची बातम्यांची साइट काळी आणि तिकीट काढायची साइट पांढरी, असं ठरवून ठेवता येतं.

ॲपमध्ये सोयच नसेल तर

ॲपने रात्रीचे रंग दिलेलेच नाहीत अशा वेळी फोनकरवी ते जबरदस्तीने लादावे लागतात. ही ताकद अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड १० पासून आहे, तिला फोर्स डार्क म्हणतात. ती ॲपच्या परवानगीशिवाय त्याचा पडदा रंगवला जात असतानाच रंग बदलते. पद्धत ढोबळमानाने अशी: रंगाची छटा शक्यतो तशीच ठेवायची, उजळपणा तेवढा उलटा करायचा. पांढरी पार्श्वभूमी काळपट होते, काळी अक्षरं पांढुरकी होतात, गडद निळं बटण फिकं निळं होतं. फोटोंना हात लावायचा नाही असा प्रयत्न असतो, नाहीतर माणसांचे चेहरे जुन्या फिल्मच्या निगेटिव्हसारखे दिसले असते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये कंपन्यांनी हीच ताकद एका सोप्या यादीत आणून ठेवली आहे. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डार्क मोडचे जादा पर्याय उघडले की ॲपची यादी येते आणि प्रत्येकासमोर बटण असतं. ओप्पो, रिअलमी, वनप्लस आणि विवोच्या नव्या फोनमध्येही डार्क मोडच्या पानावर दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपसाठी अशीच यादी मिळते, नावं तेवढी थोडी वेगळी. 'एकेका ॲपसाठी डार्क मोड' या मागणीला सगळ्यात सरळ उत्तर ही यादी आहे. फोन डार्क ठेवायचा आणि जे ॲप नीट दिसत नाही त्याचं बटण बंद करायचं.

अशी यादी नसलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्सची, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या, एरवी लपलेल्या सेटिंग्जची वाट आहे. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा दाबायचं. सॅमसंगमध्ये तो सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत असतो. मग सेटिंग्जमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'ओव्हरराइड फोर्स-डार्क' शोधून चालू करायचं आणि ॲप बंद करून पुन्हा उघडायचं. फोनचा डार्क मोडही चालू असावा लागतो. पण या वाटेत निवड नसते, बटण दाबलं की ज्यांच्याकडे स्वतःचा डार्क मोड नाही अशी सगळीच ॲप त्यात ओढली जातात. दुसरं, काही बँकांची आणि पैशांच्या व्यवहाराची ॲप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की सुरक्षेच्या कारणाने उघडायलाच नकार देतात. त्यामुळे घरातल्या ज्या माणसाला हे पुन्हा बंद करता येणार नाही, त्याच्या फोनवर ही वाट मी वापरणार नाही. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये अँड्रॉइड १६ च्या डिसेंबर २०२५ च्या अपडेटपासून डार्क थीमच्या पानावरच जादा गडद करणारा पर्याय आला आहे. तिथे डेव्हलपर ऑप्शन्सच्या भानगडीत पडायची गरज उरलेली नाही.

जबरदस्तीने केलेला डार्क मोड कुठे फसतो, हे ओळखणं त्याला चालू करण्याइतकंच गरजेचं आहे. ॲप बनवणाऱ्याने काळी अक्षरं चित्राच्या रूपात दिली असतील तर पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षरं काळीच राहतात, म्हणजे मजकूर नाहीसा होतो. ओटीपीची चौकट दिसत नाही. अटी मान्य असल्याची खूण करायचा चौकोन सापडत नाही. लाल आणि हिरव्या रंगांवर अर्थ अवलंबून असेल, जसं खात्यात जमा हिरवं आणि खर्च लाल, तर फिकट झालेल्या छटांमधला फरक कमी होतो. सगळ्यात मोठी अडचण क्यूआर कोडची. काळ्या चौकोनांच्या जागी पांढरे आणि पांढऱ्यांच्या जागी काळे झाले तर पुष्कळ स्कॅनर तो कोड वाचत नाहीत. दुकानात यूपीआयचा कोड दाखवताना किंवा प्रवेशद्वारावर तिकीट दाखवताना समोरच्याचं यंत्र नुसतंच चाचपडत राहिलं, तर ॲपचा रंग उलटलेला नाही ना, ते आधी पाहा.

म्हणून माझं मत असं आहे की ज्या ॲपमध्ये पैसे हलतात, ओळखपत्र दाखवायचं असतं किंवा फॉर्म भरायचा असतो, तिथे जबरदस्तीचा डार्क मोड लावूच नये. त्या ॲपने स्वतः डार्क मोड दिला असेल तर खुशाल वापरा, तो तपासलेला असतो. नसेल तर पांढरा पडदा सहन करा आणि उजेड कमी करा. बँकेच्या ॲपमध्ये आपण दोन-तीन मिनिटं असतो. तेवढ्या आरामासाठी रकमेचा एखादा आकडा चुकीचा दिसण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

आयफोनवर

आयफोनमध्ये दुसऱ्यांच्या ॲपसाठी डार्क मोडची अशी यादी नाही. ॲपने स्वतः पर्याय दिला असेल तर तो वापरायचा, नाहीतर फोनच्या मागे जायचं. तरी दोन आडवाटा आहेत आणि दोन्ही चांगल्या चालतात.

पहिली शॉर्टकट्स या ॲपलच्याच ॲपमधून. त्यात ऑटोमेशनमध्ये नवीन ऑटोमेशन घ्या, प्रकार म्हणून ॲप निवडा, हवं ते ॲप निवडा आणि 'उघडल्यावर' या पर्यायावर खूण करा. विचारत न बसता लगेच चालव असा पर्याय घ्या. मग कृती म्हणून सेट अपिअरन्स शोधा आणि डार्क ठेवा. आता दुसरं ऑटोमेशन त्याच ॲपसाठी करा, यावेळी 'बंद केल्यावर' आणि कृतीत लाइट. झालं. ते ॲप उघडलं की पडदा काळा, बाहेर पडलात की पुन्हा उजळ. यात खरं तर अख्ख्या फोनचाच रंग बदलत असतो, पण समोर तेच एक ॲप असल्याने आपल्याला फरक जाणवत नाही. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये सूर्यास्तानंतर आपोआप डार्क होण्याची सोय चालू असेल तर ही दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. 'बंद केल्यावर' रात्रीसुद्धा फोन उजळ होऊन बसतो. दोन्हींपैकी एकच ठेवा.

दुसरी वाट ॲक्सेसिबिलिटीमधली, म्हणजे पाहणं-ऐकणं सोपं करणाऱ्या सेटिंग्जमधली. आयओएस १५ पासून ॲक्सेसिबिलिटीत पर-ॲप सेटिंग्ज नावाचं पान आहे. तिथे ॲप जोडलं की फक्त त्या ॲपसाठी अक्षरांचा आकार, ठळकपणा, कॉन्ट्रास्ट बदलता येतो आणि स्मार्ट इन्व्हर्ट चालू करता येतो. स्मार्ट इन्व्हर्ट पडद्याचे रंग उलटे करतो, फोटो आणि व्हिडिओ मात्र तसेच ठेवायचा प्रयत्न करतो. ज्या ॲपने त्याला साथ दिलेली नाही तिथे फोटोही उलटे होतात. केवळ मजकूर असलेल्या, डार्क मोड नसलेल्या जुन्या ॲपसाठी हा उत्तम उपाय आहे. खरेदीच्या ॲपसाठी मात्र वापरू नका, साडीचा रंगच भलता दिसेल.

बॅटरी किती वाचते

याचं उत्तर तुमच्या फोनच्या पडद्यावर अवलंबून आहे. ओएलईडी किंवा ॲमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तिथे वीज जवळजवळ खर्च होत नाही. एलसीडी पडद्यात मागे एक दिवा सतत जळत असतो आणि काळा रंग म्हणजे त्याच्यापुढे धरलेला आडोसा. तिथे डार्क मोडने बॅटरी वाचत नाही म्हटलं तरी चालेल. स्वस्त फोनमध्ये अजून एलसीडी बरेच आहेत. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत पडद्याचा प्रकार लिहिलेला असतो.

ओएलईडीवर तरी किती फायदा? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गूगल मॅप्स, यूट्यूब, कॅलेंडर, कॅल्क्युलेटर अशा सहा ॲपवर हे मोजलं. पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्के असताना, म्हणजे घरात आपण साधारण ठेवतो तेवढा, लाइटवरून डार्कवर गेल्याने सरासरी ३ ते ९ टक्के वीज वाचली. उजेड पूर्ण १०० टक्के असताना मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे मोठी बचत होते ती भर उन्हात, पूर्ण उजेडावर. आणि पंचाईत अशी की भर उन्हात काळा पडदा वाचायला सगळ्यात अवघड. शेतात उभं राहून हवामानाचा अंदाज पाहणाऱ्याला किंवा रस्त्यात पत्ता शोधणाऱ्याला उजळ पडदाच लागतो. म्हणून निव्वळ बॅटरीसाठी डार्क मोड लावायचा असेल तर जी ॲप तासन्‌तास उघडी असतात तीच निवडा. बाकीच्यांनी काही फरक पडणार नाही.

डोळे आणि देवनागरी

डार्क मोड डोळ्यांना नेहमीच चांगला, हा समज फार पसरला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा त्रास देतो, हे निश्चित. पण उजेड असलेल्या खोलीत लांब मजकूर वाचायचा असेल तर पांढऱ्यावर काळी अक्षरं बहुतेकांना जास्त स्पष्ट दिसतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांना उजळ पार्श्वभूमीवरची गडद अक्षरं ओळखणं आणि त्यातल्या चुका शोधणं सोपं गेलं. कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. पडदा काळा असला की बाहुली मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली की डोळ्यातल्या भिंगाच्या बारीकसारीक दोषांचा परिणाम वाढतो, कडा धूसर होतात. बाहुली लहान असली की चित्र नेटकं पडतं.

ज्यांच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना हे जास्त जाणवतं. काळ्यावरची पांढरी अक्षरं त्यांना भोवती धुरकट वलय असल्यासारखी किंवा एकाखाली एक दोनदा छापल्यासारखी दिसतात. उलट मोतीबिंदू वाढत असलेल्या काही जणांना काळी पार्श्वभूमीच बरी वाटते, कारण धूसर झालेल्या भिंगातून पांढऱ्या पडद्याचा उजेड सगळीकडे विखुरतो आणि अक्षरं त्यात बुडतात. आजोबांना काय चांगलं दिसतं हे नातवाने आपल्या डोळ्यांवरून ठरवू नये ते यासाठी.

आता आपल्या लिपीची गोष्ट. काळ्यावरचं पांढरं अक्षर आहे त्याहून जाड दिसतं. हा डोळ्याचा जुना गुण आहे, गॅलिलिओनेही नुसत्या डोळ्यांनी ग्रह पाहताना असाच काहीसा प्रकार टिपला होता. रोमन लिपीत अक्षरं सुटी आणि मोकळी असल्याने ते फारसं बोचत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेघेवर अनुस्वार, रफार, मात्रा. खाली उकार, रुकार. मध्ये 'द्ध', 'ष्ट', 'ह्म' सारखी गच्च जोडाक्षरं. रेघा फुगल्या की त्यांच्यामधल्या पोकळ्या बुजतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक डोक्यावरच्या एवढ्याशा फटीचा असतो. लहान अक्षरांत, काळ्या पडद्यावर, तीच फट आधी हरवते. मराठी लेख डार्क मोडमध्ये वाचताना लवकर शीण येतो असं वाटत असेल तर तो भास नाही.

यावर उपाय सोपा आहे. ज्या ॲपमध्ये तुम्ही मराठी वाचता त्या ॲपमध्ये डार्क मोड लावलात तर अक्षरांचा आकार एक-दोन पायऱ्यांनी वाढवा आणि ठळक अक्षरांची सेटिंग बंद ठेवा. आयफोनवर वर सांगितलेल्या पर-ॲप सेटिंग्जमधून आकार त्या ॲपपुरताच वाढवता येतो. अँड्रॉइडवर बहुतेक वाचनाच्या आणि बातम्यांच्या ॲपमध्ये अक्षरांच्या आकाराचा पर्याय वेगळा असतोच. शुद्ध काळा आणि गडद राखाडी असे दोन पर्याय मिळत असतील तर राखाडी घ्या. गूगलने आपल्या रचनेच्या नियमांत पूर्ण काळ्याऐवजी अगदी गडद राखाडी सुचवला आहे, त्यामागे डोळ्यांवरचा ताण कमी व्हावा हेही एक कारण आहे. पुस्तकं वाचायच्या ॲपमध्ये तर तिसरा मार्ग असतो. किंडलच्या ॲपमध्ये पानाचा रंग पांढरा आणि काळा यांच्याबरोबर सेपियाही निवडता येतो. मंद दिव्यात दीर्घ मराठी पुस्तक वाचायला मला पिवळसर पान आणि कमी केलेला उजेड ही जोडी काळ्या पानापेक्षा कितीतरी सरस वाटते.

मग कुठलं ॲप कसं ठेवायचं

माझी वाटणी अशी आहे, तुमची वेगळी असू शकते. व्हिडिओ आणि गाण्यांची ॲप कायम डार्क, कारण तिथे वाचायचं थोडं असतं आणि चित्राभोवती काळं असलं की चित्र खुलतं. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामसारखी गप्पांची ॲप सिस्टम डिफॉल्टवर, म्हणजे दिवसा उजळ, रात्री गडद. मेल आणि कागदपत्रांची ॲप लाइट, कारण मेलचा मजकूर कुणी कोणत्या रंगात पाठवलाय याचा भरवसा नसतो आणि कागदपत्रं शेवटी पांढऱ्या कागदावरच छापली जाणार असतात. फोटो सुधारायची ॲप गडद. बँक, तिकीट, सरकारी सेवा, सगळी जशी असतील तशी. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास फोनवर करणाऱ्या मुलांना मी सांगेन की नोट्सचं ॲप दिवसा लाइटच ठेवा, आणि रात्री डार्क करायचं असेल तर खोलीतला दिवा पूर्ण बंद करू नका. काळोखात एकटा चमकणारा पडदा कुठल्याही रंगात डोळ्यांना दमवतोच.

झोपेसाठी म्हणून डार्क मोड लावणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाची सेटिंग वेगळी आहे. नाइट लाइट, आय कम्फर्ट शील्ड किंवा आयफोनवर नाइट शिफ्ट नावाने ती मिळते आणि पडद्यातला निळा प्रकाश कमी करून त्याला पिवळसर करते. डार्क मोड पडद्याचा एकूण उजेड कमी करतो, रंगाचं तापमान बदलत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात.

वेळेची सोयही पाहून ठेवा. अँड्रॉइडमध्ये डार्क थीमच्या पानावर शेड्यूल असतं: सूर्यास्त ते सूर्योदय, किंवा आपण दिलेली वेळ. आयफोनमध्ये डिस्प्ले आणि ब्राइटनेसमध्ये ऑटोमॅटिक चालू केलं की खाली ऑप्शन्स येतात. ज्या ॲपना सिस्टम डिफॉल्टवर ठेवलं आहे ती सगळी या वेळापत्रकाने चालतील, ज्यांना तुम्ही ठामपणे लाइट किंवा डार्क सांगितलं आहे ती तशीच राहतील. एकेका ॲपची सेटिंग लावण्याचा खरा उपयोग इथे दिसतो: पाच-सहा ॲपना ठाम सांगायचं आणि उरलेली घड्याळावर सोडायची.

गावाकडून आईबाबांचा फोन येतो की 'मोबाइल आपोआप काळा झालाय, काही दाबलं नाही', तेव्हा आधी बॅटरी विचारा. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी सेव्हर चालू झाला की डार्क थीमही त्याच्याबरोबर आपोआप चालू होते. फोन चार्जिंगला लावून बॅटरी सेव्हर बंद केला की रंग पूर्ववत होतात. आणि काळ्या पडद्यावर त्यांना नीट वाचता येत नसेल, तर पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्यांच्या व्हॉट्सॲपची थीम सिस्टम डिफॉल्टवरून काढून लाइटवर ठेवून द्या. मग बॅटरी कितीही उतरली तरी त्यांच्या गप्पा पांढऱ्यावरच राहतील.